फिक्सच्या पानावरची दुसरी ओळ

१

क्रांतीनं कॉलेज सोडलं ते हजेरीपायी. पंचाहत्तर टक्के भरली नाही म्हणून परीक्षेला बसू देईनात, आणि ती म्हणाली, ठेवा तुमची परीक्षा तुमच्यापाशी. पिवळ्या पडलेल्या वहीतलं सरांनी फळ्यावर उतरवायचं, फळ्यावरचं आपण आपल्या वहीत उतरवायचं, आणि बाकावर बूड टेकलं होतं म्हणून रोज सही करायची. ह्याला शिक्षण म्हणणाऱ्या माणसांशी वाद घालण्यात तिला रस नव्हता.

घरी आबांनी, म्हणजे आजोबा केरबांनी, तीन दिवस तोंडाचा पट्टा सोडला. गंमत अशी की तिचं नाव त्यांनीच ठेवलेलं. तरुणपणी चार मोर्चांत पुढं चालले, नातीचं नाव क्रांती ठेवलं आणि तिथं त्यांची क्रांती आटोपली. पुढची बावीस वर्षं त्यांनी दुपारी दोन ते चार तालमीच्या कट्ट्यावर बसून देश चालवला.

घर शिवाजी पेठेतलं, धंदा दुधाचा. खाली गोठ्यात अकरा म्हशी, वर पेंडीची पोती ठेवायची खोली. त्या खोलीत क्रांतीनं विमान बांधलं. खरंच बांधलं. तालमीच्या गणपतीच्या देखाव्यातलं उरलेलं प्लायवूड आणलं, त्याचं कॉकपिट केलं. मागून बघितलं तर अजून देवळाचे खांब रंगवलेले दिसतात. समोर कॉम्प्युटरचे तीन पडदे, त्यांवर विमान उडवायचा खेळ, मधे कीपॅड, पायाशी पॅडल, आणि आसनाखाली तालमीच्या मोडक्या डॉल्बीचा बास. इंजिन सुरू झालं की बुडापासून टाळूपर्यंत माणूस हलला पाहिजे, हा त्यामागचा विचार.

हलल्या त्या म्हशी. पहिल्याच दिवशी जेटचा आवाज लाकडी तक्तपोशीतून खाली उतरला आणि अकराच्या अकरा म्हशींनी पान्हा चोरला. संध्याकाळी निम्म्या बादल्या रिकाम्या. आबा जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून गरजले.

"पाडव्यापत्तूर मुदत हाय तुला! ह्या खोक्याचा काय उपेग हाय त्ये सगळ्या पेठंला दाव. न्हाईतर खोली पेंडीला."

"दावतो की," क्रांती वरनं म्हणाली. "सगळ्या पेठंला इमानात बसवतो. तुमाला पण."

पण म्हशींचं काय करायचं? उपाय तिला मोबाइलमध्ये सापडला. अकरा वर्षांपूर्वीच्या पाडव्याचा व्हिडिओ. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात आणि सायलेन्सर काढलेल्या फटफटीमागं त्यांना पळवतात. म्हैस गर्दीला भीत नाही, फटाक्याला भीत नाही. ती फक्त आपल्या मालकाच्या फटफटीचा आवाज ओळखते आणि त्याच्या मागं धावते. व्हिडिओत धाकटा काका गुंडू फटफटीवर होता, हात मनगटापर्यंत शिंगांच्या लाल हुरमुंजीनं माखलेले, आणि मागं पवळी, घरची सगळ्यात देखणी म्हैस. त्या वर्षी पवळी पहिली आली. पुढच्या पाडव्याला पवळीही नव्हती आणि काकाही नव्हता. घरात त्यावर एवढंच बोललं जायचं: "घाटात गेला."

क्रांतीनं त्या व्हिडिओतला चौदा सेकंदांचा आवाज कापला, पुढं पुढं जोडला आणि विमानाच्या इंजिनाच्या जागी बसवला.

त्या संध्याकाळी बादल्या वर येईतो भरल्या.

२

उजव्या आसनावर सयाजी बसायचा. शेजारचाच, पेठेच्या संघाचा गोलकीपर. गेल्या हंगामात त्याच्या हातून एक पोरखेळ बॉल सुटला, तेव्हापासून पेठ त्याला 'चाळण' म्हणायची, म्हणून दुपारी त्याला ही खोली बरी वाटायची. दोघं रोज दोनला चढायचे, चारला उतरायचे. तेवढ्यात कोल्हापूरहून तिरुपतीला जाणं व्हायचं.

"क्रांते, फिक्स टाक," सयाजी म्हणायचा. नवीन शिकलेला शब्द तो तोंडात गोळीसारखा घोळवायचा.

फिक्स म्हणजे नकाशावरचा एक ठरलेला बिंदू. विमानाला तिथं जायचं नसतं. कीपॅडवर तो बिंदू टाकला, पुढं मैलांचा आकडा टाकला, की पडद्यावरच्या नकाशात त्याच्याभोवती तुटक रेघांचं हिरवं वर्तुळ उमटतं. वर्तुळात शिरलं की कळतं, आता वेग कमी करायचा, आता चाकं सोडायची. शेजारी दोन आकडे येतात, दिशा आणि अंतर, आणि इथंच नवशिके चुकतात. तो बिंदू आपल्यापासून कुठं आहे, हे ते आकडे सांगत नाहीत. त्या बिंदूवरून पाहिलं तर आपण कुठं आहोत, हे सांगतात.

क्रांतीला ही कल्पना फार आवडायची. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही असंच वागावं. जागेवर राहावं, तू कुठं आहेस ते सांगावं आणि इकडंच ये म्हणून बोंबलू नये.

पहिल्या ओळीत तिनं पेठेतल्या घराचे अक्षांश-रेखांश घातले होते. नाव दिलं होतं 'घर'. विमानतळावर उभ्या विमानापासून पाच मैल.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सयाजीनं बोट लावलं. "ह्ये दुसरं वर्तुळ कुठलं गं?"

नकाशाच्या पार तळाशी, दक्षिणेला, एक लहान वर्तुळ होतं. क्रांतीनं फिक्सचं पान उघडलं. दुसऱ्या ओळीत नावाच्या जागी नुसत्या पाच रेघा. पुढं मात्र आकडे होते. दिशा: उत्तर. अंतर: चव्वेचाळीस मैल.

"तू टाकलंस?"

"मला 'घर' टाकायला अर्धा तास लागतोय, मी काय टाकणार?"

तिनं नकाशा मोठा करून बघितला. वर्तुळाचा मध्य चंदगडवर होता.

३

असल्या गोष्टींना कारण असतं. क्रांती भुताखेतांवर पोसलेली पोरगी नव्हती. पोसायचा प्रयत्न घरानं केला होता, तिनं थुंकून टाकलं होतं. तिनं ओळ पुसली. पुसली गेली. इंजिन सुरू केलं, परत उमटली. तिनं विमान काढून नव्यानं बसवलं, नकाशाची माहिती बदलली, इंटरनेटची वायर उपटली. इंजिन सुरू झालं की पाच रेघा आणि दोन आकडे हजर.

"प्रोग्रामातला बग असंल," सयाजी म्हणाला.

"बग रोज त्याच जागी ऱ्हातो," क्रांती म्हणाली. "ह्यो चालतोय."

कारण दुसऱ्या दिवशी अंतर होतं बेचाळीस. तिसऱ्या दिवशी चाळीसच्या आत.

तिनं कागद घेतला, रोजचे आकडे मांडले. वर्तुळ सरळ येत नव्हतं. रस्त्यासारखं वळत होतं, आजऱ्याकडनं गारगोटीच्या बाजूला. आणि ते चोवीस तास सरकत नव्हतं. इंजिन सुरू झाल्यापासून चाकं उचलेपर्यंत दहा मिनिटं आवाज बासवर असायचा. मग ती आवाज हेडफोनवर घ्यायची, आणि त्या क्षणी वर्तुळ जिथं असेल तिथं थांबायचं. दहा मिनिटांत दोन-अडीच मैल.

"येवढ्या बेतानं काय पळतंय रे?" तिनं विचारलं.

सयाजी गवळ्यांच्या शेजारी वाढलेला. हिशेब न करताच त्यानं तक्तपोशीच्या फटीतनं खाली म्हशींकडं बघितलं.

४

खरं सांगायचं तर ते दिवस मजेचे होते. पेठेत बातमी फुटली होती की पाडव्याला विमान सुटणार. समोरच्या बनाबाई, वय सत्तर, रोज जिन्यात येऊन नवीन शंका विचारायच्या.

"पोरी, उलटी झाली तर?"

"लिंबू आणा."

"आनि खिडकीपाशी जागा?"

"सगळ्यास्नी एकच खिडकी हाय, मावशी. म्होरची."

"मंजे डायवरच्या शेजारी! मग नवी साडीच नेसतो बाई."

सयाजीनं तालमीतनं बारा प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठरवल्या. पट्टे म्हणून म्हशींची नवी दावी बांधली. दूध वाढलं होतं, इतकं की पप्पासुद्धा एकदा जिन्यात थांबून म्हणाले, "त्यो आवाज चालू ठेव हं." आवाज कुणाचा आहे ते त्यांनी ओळखलं होतं. आबा घरी असताना तो वाजत नाही, हेही त्यांना माहीत होतं. पण बोलले एवढंच. पप्पांचं सगळं आयुष्य असंच गेलं, जिन्यात थांबून अर्धं वाक्य बोलण्यात.

एका दुपारी पट्टी आणायला म्हणून क्रांती इंजिन चालू ठेवून खाली गोठ्यात गेली. वर फटफटी धडधडत होती. अकरा म्हशी उभ्या होत्या, रवंथ बंद, कान पुढं. तोंडं गव्हाणीकडं नव्हती, वर आवाजाकडंही नव्हती. सगळ्यांनी दाव्याला ताण देऊन माना एकाच बाजूला वळवल्या होत्या. दक्षिणेच्या भिंतीकडं.

भिंतीच्या कडेला बारावा खुंटा होता, पवळीचा. तिथं कुणाला बांधत नसत. आज दोन्ही बाजूच्या म्हशी त्याच्यापासून आणखी सरकून उभ्या होत्या. पाहुण्याला जागा करून दिल्यासारख्या.

क्रांती पट्टी न घेताच वर आली.

५

दिवाळीला अकरा दिवस उरले तेव्हा वर्तुळ गारगोटीच्या अलीकडं पोचलं. सयाजी म्हणाला, "चल बघूनच येऊ." त्याच्या गाडीवरनं दोघं निघाले. ऊन छान पडलेलं, ऊसतोडीची वर्दळ, गाण्यांचे ट्रॅक्टर. काल जिथं वर्तुळाचा मध्य थांबला होता, ती जागा मोबाइलवर धरून थांबले. साधा रस्ता. एक चहाची टपरी, कढईत भजी.

भजी झकास होती. दोन प्लेटी खाऊन झाल्यावर टपरीवालीनंच विचारलं, "पावणं कोल्हापूरचं का? मंग ह्ये तुमचंच काम. दिवाळी आली की म्हशी पळवतायसा."

"का ओ, काय झालं?" सयाजीनं विचारलं.

"काल दोन-सव्वादोनला गेली की एक. ह्येऽ एवढी धिप्पाड. माज्या दारातली रेडी दावं तोडाय लागली. म्होरं फटफटीचा आवाज, कान किट्ट झालं माजं."

"फटफटीवर कोण होतं?"

बाईनं झारा कढईच्या काठावर आपटला. "त्येच तर म्हनतो. आवाज म्होरनं गेला, म्हैस मागनं गेली. मदी गाडी काय मला दिसली न्हाय. धुरानं डोळं चुरचुरलं असत्याल."

परतीच्या वाटेवर, कळंब्याच्या अलीकडं सयाजी म्हणाला, "पवळी आता असती तर किती वर्साची?"

"नसती," क्रांती म्हणाली. "तवाच आठ-नऊची होती."

६

त्या रात्री जेवताना तिनं सरळ विचारलं. आबा जेवून झोपायला गेले होते. पप्पांनी घास ताटात ठेवला.

"आबांनी इकली पवळी. चंदगडच्या व्यापाऱ्याला. गुंडू गारगोटीला आबांच्या भनीकडं, आक्काकडं गेलता, तवा. पाडवा जिंकल्यावर गिऱ्हाईक चांगलं आलंतं."

"काकाला इचारलं न्हाय?"

"आबा कुणाला इचारत्यात?" पप्पा म्हणाले. "गुंडू आला, खुंटा बघितला, तसाच फटफटीवर बसला. म्हनला, घिऊन येतो. घाटात पाऊस. गाडी सापडली, गुंडू सापडला." मग म्हणाले, "म्हैस त्या व्यापाऱ्याकडं टिकली न्हाय. कुटल्यापन फटफटीचा आवाज आला की दावं तोडायची. मेली दोन महिन्यांत."

"आणि तुमी? तुमी काय म्हनलासा आबास्नी?"

पप्पांनी घास परत उचलला.

क्रांती हात धुवायला उठली. एक माणूस विकतो, दुसरा गप्प बसतो, आणि दोघं मिळून हजेरीवर भाषण देतात. तिच्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. आणि त्या जाळातच तिला स्वच्छ दिसलं, की ती गेले दहा दिवस रोज दुपारी दोनला कुणालातरी हाक मारतेय.

७

पाडव्याच्या आदल्या दिवशी वर्तुळ घरापासून अडीच मैलांवर थांबलं. अजून एकदा इंजिन सुरू केलं, की पोचणार.

"उद्या जेटचा आवाज लाव," सयाजी म्हणाला. "म्हशी तर सगळ्या मिरवणुकीत असत्याल. गोठा रिकामा. कोण पान्हा चोरतंय?"

त्याचं बरोबर होतं. तिनं जेटचा आवाज काढूनही ठेवला.

पाडवा काय सांगावा! सकाळपासून पेठ नुसती घुमत होती. म्हशींच्या शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांच्या माळा, गवळ्यांचे हात लाल. पप्पा अकरा म्हशी घेऊन गेले. चारला जिन्याखाली चपलांचा ढीग पडला. बायकांनी कॉकपिटच्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. बनाबाई नव्या साडीत, मुठीत लिंबू. बारा खुर्च्या भरल्या, बाकीचे भिंतीला उभे. पहिल्या रांगेत आबा, फेटा बांधून, नारळ फोडायला. त्यांना यायचं नव्हतं. पण पेठ जमलीय म्हटल्यावर पुढची खुर्ची सोडणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"चालू द्या तुमचं खोकं," आबा म्हणाले. "पेंड उद्या येनार हाय. मी सांगून ठेवलंय."

क्रांतीनं वळून त्यांच्याकडं बघितलं. मग आवाजाच्या यादीकडं. जेट वर होता, फटफटी खाली.

"क्रांते," सयाजी हळूच म्हणाला. "नगं."

"घरचीच हाय की," क्रांती म्हणाली. "येऊ दे."

आणि तिनं इंजिन सुरू केलं.

फटफटी धडधडली. खोली हलली, खुर्च्या हलल्या, बायका आनंदानं किंचाळल्या. "अगं बया, हललं! हललं!" आबा मात्र हलले नाहीत. हा आवाज ते अकरा वर्षांनी ऐकत होते. फेट्याखालचा चेहरा पिठासारखा झाला.

"ह्यो... ह्यो कुनाचा आवाज?"

"इमानाचा," क्रांती म्हणाली.

नकाशावर दुसरं वर्तुळ निघालं होतं. दोन मैल. दीड. रंकाळ्याच्या बाजूनं वळलं. ती विमान धावपट्टीकडं नेत होती. हात शिकलेलं काम करत होते, डोळे हिरव्या रेघांवर. दोन वर्तुळं एकमेकांत शिरली, त्यांच्यात चंद्रकोरीएवढी फट उरली, ती बारीक झाली. नेमक्या त्या वेळी विमान उठलं, बनाबाईंनी "अंबाबाईच्या नावानं!" अशी आरोळी ठोकली, सगळ्यांनी "चांगभलं!" केलं, आणि पडद्यावर एकच वर्तुळ दिसू लागलं.

क्रांतीनं आवाज हेडफोनवर घेतला.

खोली शांत झाली. त्या शांततेत सगळ्यांनी खालून आवाज ऐकला. कवड्यांचा. एकदा, मग थांबून पुन्हा. दमलेल्या जनावरानं अंग झाडावं तसा.

"म्हशी आल्या वाटतं मिरवणुकीतनं," बनाबाई म्हणाल्या.

पॅडलपाशी, प्लायवूडमध्ये, वायरी खाली सोडायला एक भोक पाडलेलं होतं, मुठीएवढं. एरवी त्यातनं गोठ्याचा उजेड यायचा. आता नव्हता. भोकातनं ऊन ऊन वाफ येत होती आणि ओल्या मातीचा वास, पावसातल्या घाटासारखा. बाहेर कोरडं ठणठणीत ऊन होतं. क्रांती वाकली. आधी काळंच दिसलं. मग ते काळं जरा सरकलं आणि बारावा खुंटा दिसला. त्याच्यावर दावं होतं. एक हात ते बांधत होता, सावकाश, दोनदा पीळ देऊन, गवळी बांधतात तसं. हात मनगटापर्यंत लाल होता. मनगटाच्या पुढं काय होतं ते भोकातनं दिसत नव्हतं.

आज पेठेतल्या प्रत्येक गवळ्याचा हात लाल आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. पप्पा आले असतील.

"इंजिन बंद कर," मागनं आबा म्हणाले. बावीस वर्षांत ते पहिल्यांदा तिच्याकडं काहीतरी मागत होते. "पोरी, पाया पडतो. बंद कर."

"इमान हवेत हाय, आबा. आता न्हाय बंद करता येत."

एक तास दहा मिनिटांनी विमान तिरुपतीला टेकलं. बायकांनी "गोविंदा, गोविंदा" करून खोली डोक्यावर घेतली. कुणाला उलटी झाली नाही. बनाबाईंनी न वापरलेलं लिंबू क्रांतीवरनं ओवाळून टाकलं. जिना उतरताना प्रत्येक जण म्हणत होता, पुढच्या खेपेला माझी पाळी. आबा शेवटी उतरले, भिंत धरून, गोठ्याच्या दाराकडं न बघता.

गोठा रिकामा होता. खुंट्याला दावं होतं, ओलं. पप्पा आणि म्हशी सातला आल्या.

८

भाऊबीजेला आबा सकाळीच पिशवी घेऊन निघाले. गारगोटीला आक्काकडं, बहिणीकडं. गेली कित्येक वर्षं ते गेले नव्हते. आक्काच दर वर्षी यायची आणि ओवाळून जायची.

"पेंड?" पप्पांनी विचारलं.

"घाल कुठंपन. त्या खोलीत नगं," आबा म्हणाले, आणि एसटी स्टँडकडं चालू लागले.

बाजी मारली होती. सयाजी पेढे घेऊन आला. पेढा तोंडात टाकून क्रांतीनं सहज पडदे लावले. इंजिन नाही, आवाज नाही, नुसता नकाशा.

'घर' जागेवर होतं. त्याच्यावर एकच वर्तुळ होतं, आणि ते 'घर'चंच होतं. दुसरं शहराबाहेर पडलं होतं. गारगोटीच्या रस्त्यावर, दक्षिणेकडं, सरकत.

"आवाज तर बंद हाय," सयाजी म्हणाला. पेढा त्याच्या हातातच राहिला. "आनि येवढं पळतंय? म्हैस न्हाय गं येवढी पळत."

"फटफटी पळती."

तिनं फोन लावला. दुसऱ्या टोकाला एसटीचा खडखडाट, आणि त्याच्याही मागं दुसरा एक आवाज, जो तिला पाठ होता.

"क्रांते," आबा म्हणाले, "मागनं कोन फटफटी लावलीया, कवाधरनं. डायवर म्हनतोय, आरशात काय दिसत न्हाय. तुला ऐकू येतंय न्हवं?"

क्रांतीच्या मनात आलं, जाऊ दे. विकताना कुणाला विचारलं होतं? ऐकू दे गारगोटीपर्यंत, आणि पुढंही. हे वाटणं गोड होतं, पेढ्यापेक्षा गोड, आणि तेवढ्यात तिचं लक्ष पानावरच्या आकड्यांकडं गेलं. दिशा, अंतर. तिकडनं बघितलं तर आपण कुठं आहोत. तिकडनं अजूनही इकडं बघणं चालू होतं. एसटीमागं धावतानासुद्धा. म्हणजे हाक मारली तर ते अजून इकडं वळणार होतं.

तिनं बासचं बटण चालू केलं आणि इंजिन सुरू केलं.

वर्तुळ थांबलं. भर रस्त्यात, बराच वेळ. फोनवर आबांचा श्वास ऐकू येत होता.

"गेली वाटतं," ते म्हणाले.

खाली अकरा म्हशींनी दावी ताणली. नकाशावर हिरव्या रेघा वळल्या आणि घराकडं निघाल्या.

"आबा, आक्काकडंच ऱ्हावा आता," क्रांती म्हणाली. "चार दिवस न्हवं. ऱ्हावा."

खोली तिची झाली. रविवारी बारा खुर्च्या भरतात, बनाबाईंचं तिरुपती आठ वेळा झालंय आणि आता त्या काशीला न्या म्हणतात. दूध उतू जातं. गारगोटीत आबा बरे आहेत. आक्का त्यांना भाकरी घालते आणि ऐकवतेही. सयाजीनं दाराशी कॅलेंडर लावलंय. रोज दोनला इंजिन सुरू झालं की क्रांती त्या दिवसावर सही करते. मधे एकदा तिला ताप होता, तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली, आणि गोठ्यात बाराव्या खुंट्याचं दावं सोडल्याचा आवाज आला. ती घोंगडं पांघरून जिना चढली.

हजेरी आजवर शंभर टक्के आहे.